ताईच्या गच्चीवरचं उत्तरायण

जानेवारीत बडोद्याला जाणार असाल तर एक आधीच सांगते: मान दुखून येईल. त्या दिवसांत तिथे जमिनीकडे कुणी बघत नाही. रिक्षावाला सिग्नलला थांबला की वर बघतो, भाजीवाली कोथिंबिरीची जुडी बांधता बांधता वर बघते, बँकेच्या पायरीवर पेन्शनसाठी बसलेले आजोबाही वरच बघत असतात. मी साताऱ्याची. आमच्याकडे आकाशाकडे बघायचं ते वाळत घातलेले पापड भिजतील का, एवढ्यापुरतंच. परत आल्यावरही मी काही दिवस उगाच वर बघत चालत होते आणि दोनदा ठेचकाळले.

गेले मात्र मी पतंग बघायला नाही. हेतलचा फोन आला म्हणून गेले. हेतल ही माझ्या ताईची सून. माहेरची गुजराती, पण ताईच्या स्वयंपाकघरात राहून मराठी झकास शिकली आहे. फक्त वाक्याच्या शेवटी एक ‘ने’ लावते. ती म्हणाली, “मावशी, तुम्ही या ने. आई आता गच्चीवर पण जात नाही.”

ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, सत्तरी ओलांडलेली. गेल्या वर्षी तिचा उजवा स्तन काढला, काखेतल्या गाठी काढल्या. मग किमो झाली, रेडिएशनचे शेक झाले. सगळं पार पडलं, डॉक्टरांनी पाठ थोपटली, आणि ताई घरी येऊन खुर्चीत बसली ती बसलीच. व्यायाम शिकवणाऱ्या फतेगंजच्या मॅडमनी बजावून सांगितलं होतं की हिवाळा संपायच्या आत हात खांद्याच्या वर गेला नाही, तर तो जन्मभर तसाच राहील. ताई ऐकायची, मान डोलवायची आणि हात मांडीवर ठेवून द्यायची.

तो तिचा पतंगाचा हात होता. लग्न होऊन साताऱ्याहून बडोद्याला गेलेली ही मुलगी तिथे पतंग उडवायला शिकली आणि नवऱ्याला मागे टाकून गेली. गुजरातेत सहसा नवरा पतंग उडवतो आणि बायको मागे दोऱ्याची फिरकी धरून उभी राहते. आमच्या ताईकडे भावजी फिरकी धरायचे. ते गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. त्यानंतरही ती उडवत होती.

माझंही हेच सगळं सहा वर्षांपूर्वी झालेलं, डाव्या बाजूला. तेव्हा या विषयात घरात मी सीनियर, असा हेतलचा हिशेब असणार. मी बॅग भरली.

गुलाबी सकाळ

गाडी पहाटे पोहोचली. मी रोज जी गोळी घेते तिच्यानं मला कायम थोडी गुंगी असते. जागेपणी स्वप्न पडावं तसं होतं. त्यामुळे बडोद्याची पहिली सकाळ मला खरी दिसली की गोळीतून दिसली, हे आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही. छाती अर्धीच उरली आहे, हाही मुद्दा आहेच.

रस्त्यावर धुकं होतं आणि त्या धुक्यात गुलाबी रेघा ओढलेल्या होत्या. फुटपाथवर खांब रोवून, त्यांच्यामध्ये दोऱ्याचे पदरच्या पदर ताणून माणसं त्याला रंगीत खळ लावत होती. तिथे याला दोरी पाजणं म्हणतात. खळीत काचेची पूड असते. हाताला चिंध्या गुंडाळून ती माणसं या खांबापासून त्या खांबापर्यंत सावकाश चालत जायची आणि त्यांच्या मागे पांढरा दोरा गुलाबी होत जायचा. रिक्षा हळू झाली. मला वाटलं, कुणीतरी अख्ख्या शहराला टाके घालतंय.

“केम बेन, पहिल्यांदा आल्या?” रिक्षावाल्यानं विचारलं.

“नाही हो. दरवेळी उन्हाळ्यात येते.”

“तर मग आल्याच नाही,” तो म्हणाला आणि वर बघत रिक्षा चालवायला लागला.

नागरवाडा

नागरवाड्यातली घरं एकमेकांना खेटून उभी असतात. ताईचं घर उंच आणि अरुंद, खाली नव्या फरशा घातलेलं. वर गच्ची. शेजारच्या हंसाबेनची गच्ची आणि ताईची गच्ची यांच्यात कंबरेएवढा कठडा आहे, तो भांडी आणि भाज्या पलीकडे देण्यासाठीच बांधला असावा. हंसाबेन आणि ताई अशा दोघी त्या कठड्याच्या दोन बाजूंनी म्हाताऱ्या झाल्या.

ताई दारात उभी होती. किमोनंतर आलेले केस कुरळे होते. आमच्या घराण्यात कुणाचे कुरळे केस नाहीत, त्यामुळे क्षणभर वाटलं की ही दुसरीच कुणी. मी मिठी मारायला गेले तर तिनं अंग चोरून डावा खांदा पुढे केला.

“ये ने, नलू. हातपाय धू. सेवउसळ मागवलीये,” ती म्हणाली.

सेवउसळ म्हणजे वाटाण्याची उसळ, वर तिखट तरी, वर मूठभर शेव. मिसळ लग्न होऊन सासरी गेली की तिचं जे होईल ते. ओळख पटते, पण बोलण्यात फरक पडलेला असतो. मी तसं म्हटलं तर ताई हसली आणि मला बरं वाटलं. तिथला ओला चिवडा मात्र मला कधीच समजला नाही. चिवडा दाताखाली वाजला पाहिजे, एवढी माझी साधी अपेक्षा असते.

खाताना वरून हाक आली. “वासंतीबेन, केम छे खभो?”

“सारो छे,” ताई बसल्या जागेवरून ओरडली.

हंसाबेन विचारत होत्या, खांदा कसा आहे. मी ताईकडे बघितलं. हेतलनं माझ्या ताटात आणखी शेव घातली. शेजारीपाजारी, भजनाच्या बायका, सगळ्यांना सांगितलं होतं की वासंतीबेनच्या खांद्याचं ऑपरेशन झालंय.

“कॅन्सर म्हटलं की लोक आवाज खाली आणतात,” ताई म्हणाली. “मला तो आवाज नको आहे.”

तो आवाज मी ऐकलेला आहे. दुकानदारसुद्धा त्या आवाजात सुटे पैसे देतो.

दुपारी ताईच्या खोलीत आडवी झाले तर पलंगाशेजारच्या भिंतीवर पेन्सिलच्या खुणा दिसल्या. भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा आणि पोहोचेल तिथे खूण करायची, असा तो व्यायाम. माझ्याही घरी अशी भिंत आहे. माझ्या खुणा शिडीसारख्या वर गेल्या आहेत. ताईच्या सगळ्या एकाच उंचीवर होत्या, खांद्याच्या जरा खाली, एकीवर एक गिरवलेल्या. एखादं मूल वाढायचंच थांबलं असावं, तशा.

मोहरीला कोंब

दुसऱ्या दिवशी मला खिडकीच्या पडद्यामागे ती सापडली. मऊ सुती कापडाची, वाटीएवढी, गोल शिवलेली पिशवी होती. कापडातून हिरवे केसासारखे कोंब बाहेर आले होते.

“ताई, हे काय गं?”

ताईनं आधी दार लावून घेतलं. मग म्हणाली, “धुतली होती. वाळली नाही वाटतं नीट.”

तान्ह्या बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून आपण मोहरीची उशी करतो ना, तिनं ताईला ही अक्कल सुचवली होती. दुकानात मिळतात ते कृत्रिम स्तन तिनं बघितले होते. बडोद्याच्या उन्हाळ्यात ते अंगावर शिजतात, असं तिचं म्हणणं. कापूस हलका पडतो, ती बाजू वर सरकते, चालताना तोल गेल्यासारखा वाटतो. मोहरीला वजन असतं, गारवा असतो, ती अंगाचा आकार धरते. स्वयंपाकघरातल्या तराजूवर वजन करून, हेतल झोपलेली बघून तिनं ती शिवली होती. धुतल्यावर गच्चीतल्या दोरीवर घालायची सोय नाही, हंसाबेन बघतील. म्हणून पडद्यामागे, थंडीत, ओली. मोहरीनं मोहरीचं काम केलं.

“ताई, तुला पालवी फुटली,” मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग दोघीही पलंगावर पडून इतक्या हसलो की हेतल दार वाजवायला लागली. हसता हसता ताईनं डावा हात तोंडावर नेला होता. उजवा मांडीवरच होता.

कोंबाची मोहरी टाकून मी नवी भरली आणि पिशवी शिवून दिली. माझी शिलाई कशी असते ते माझ्या शाळेतल्या बाईंना विचारा. पण ताईला धावदोरा आणि टीप यांतला फरक चष्म्याशिवाय कळत नाही.

भोगी

संक्रांतीच्या आदल्या दिवशी आपल्याकडे भोगी. न खाई भोगी तो सदा रोगी. ताईच्या घरी ती कटाक्षानं पाळतात: तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वांगी, गाजर, हरभरा, घेवडा यांची एकत्र भाजी. हंसाबेनकडून कठड्यावरून उंधियुचं पातेलं आलं आणि इकडून भोगीची भाजी गेली. मी दोन्ही एका ताटात घेऊन खाल्लं. उंधियु ही आपल्या भोगीच्या भाजीची श्रीमंत नणंद आहे. भाज्या साधारण त्याच, पण अंगावर तेल फार.

भोगीला डोक्यावरून न्हायचंही असतं. ताईला एका हातानं डोकं धुता येत नव्हतं आणि हेतलला ती न्हाणीघरात येऊ देत नव्हती. मी विचारलंच नाही. पाण्यात तीळ टाकले, आत शिरले आणि कडी घातली. माझंही पातळ सोडलं. म्हटलं, आधी माझं बघ.

न्हाणीघरात वाफ दाटली होती. तिळाचा वास, तांब्याचा आवाज, वरच्या झरोक्यातून येणारं दुधी ऊन. लहानपणी आई आम्हा दोघींना एका पाटावर बसवून न्हाऊ घालायची, ते आठवलं की आत्ताच घडत होतं, कळेना. ताईनं माझ्या डाव्या बाजूवरून बोट फिरवलं. सहा वर्षांत तो व्रण पांढरा पडला आहे, जुन्या गोधडीवरच्या टाक्यासारखा.

“दुखतं?”

“नाही. कधी कधी तिथे नसलेलंच खाजतं.”

“माझंही,” ती म्हणाली. हे ती पहिल्यांदा कुणाला तरी सांगत होती.

मी तिच्या डोक्याला शिकेकाई लावली. कुरळ्या केसांत हात फिरवायला मजा येत होती. एक ओघळ तिच्या डोळ्यात गेला आणि तिनं झटकन हात उचलून डोळा पुसला. उजवा हात. कपाळापर्यंत.

“अगं, जातो की वर.”

ताई म्हणाली, “आत्ता ती नाहीये ना.”

“कोण?”

“मोहरी. हात वर केला की ती वर चढते, गळ्याशी येते. मग लोक बघतात.”

“पिन लाव ब्लाउजला.”

“लावली होती. टोचली. तिथे टोचलेलं कळत नाही, नलू. पदर लाल झाला तेव्हा हेतलनं सांगितलं.”

मी तांब्या खाली ठेवला. म्हणजे हात जात नव्हता असं नाही. तिनं तो न्यायचाच सोडला होता. दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून ही बाई आपला हात गहाण ठेवायला निघाली होती.

“मग सोड ना ती मोहरी. मी कुठे काय लावते?”

“तू लहानपणापासून निर्लज्ज आहेस.” ती हसली नाही. “माझी जाऊ भेटायला आली तेव्हा म्हणाली, या वयात काय करायचंय आता त्याचं. या वयात मी आरशात बघत नाही असं तिला कुणी सांगितलं? सत्तर वर्षं होतं माझं ते. आणि अशी सपाट होऊन हंसाबेनसमोर जाऊ?”

मला रागही आला आणि रडूही आलं. मी तिच्या डोक्यावर पाणी ओतत राहिले. वय झालं म्हणून दुःखात सवलत मिळत नाही, हे रेल्वेवाल्यांना कळलं नसतं तर नवल नव्हतं, पण बायकांनाही कळत नाही.

उत्तरायण

संक्रांतीला तिथे उत्तरायण म्हणतात. सकाळी तिळगूळ वाटून झाला न झाला तोच सगळं बडोदं गच्चीवर गेलं. खाली रस्ते ओस आणि वर जत्रा. मोठ्यानं लावलेली गाणी, पिपाण्या, थाळ्या, कुणाचा पतंग कापला की चहूकडून ‘काप्यो छे’ असा गजर. चिक्की, बोरं, ऊस, जिलबी. आणि वर ते आकाश. इतके पतंग मी आयुष्यात पाहिले नव्हते. लांबचे तर हलतही नव्हते, निळ्यावर नुसते टेकवून ठेवल्यासारखे. ऊन पातळ होतं. मी जिलबी हातात धरून किती वेळ तशीच उभी होते कोण जाणे, पाक कोपरापर्यंत आला.

ताईला मी एका अटीवर वर आणलं: ती फक्त खुर्चीत बसून फिरकी धरेल, पतंग मी उडवीन. तिनं शाल घेतली होती. उजव्या हातावर सूज येऊ नये म्हणून दिलेली घट्ट बाही होती. त्या हाताला जखम चालत नाही, म्हणून हेतलनं तिच्या बोटांना चिकटपट्टी गुंडाळली. उत्तरायणात सगळं बडोदं बोटांना पट्ट्या लावून फिरतं, त्यात ताईच्या पट्ट्या वेगळ्या दिसत नव्हत्या. घरात त्या वर्षभरात पट्ट्या उरल्याही पुष्कळ होत्या.

“वासंतीबेन फिरकी पकडे छे? दुनिया बदलाई गई,” हंसाबेन कठड्याशी येऊन म्हणाल्या. त्यांच्या हातातही नवऱ्याची फिरकी होती.

हेतलनं पतंग गच्चीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन वर सोडला. तो माझ्या पायाशी आला. पुन्हा सोडला. पाण्याच्या टाकीवर बसला. ताई खुर्चीतून दात ओठ खात होती. “ओढ. आता नको ओढूस. अगं, वाऱ्याला विचार ने आधी.” वाऱ्याला कसं विचारतात ते मला माहीत नव्हतं. पण मग वाराच आपणहून आला आणि माझा लाल पतंग भसकन वर गेला.

दोरा बोटांतून सळसळत होता. वरून काहीतरी माझ्याशी बोलत होतं, दोऱ्यातून, अगदी हळू, थरथरत. मला एकदम कळलं की ताई इतकी वर्षं काय ऐकत होती.

तेवढ्यात मांडवी दरवाजाच्या बाजूनं एक काळा पतंग तिरका येऊन माझ्या दोऱ्यावर पडला.

“पेच लागला. ढील दे,” ताई म्हणाली.

मी घाबरून ओढला.

“नलू, ढील. सोड दोरा. सोड. ओढू नकोस, कापेल तो. अगं बाई, दे इकडे.”

तिनं फिरकी माझ्या पोटात खुपसली आणि दोरा हातात घेतला. शाल खाली पडली. तिचा उजवा हात वर गेला. खांद्याच्या वर, कानाच्या वर, डोक्याच्या वर. भिंतीवरच्या खुणा कधीच खाली राहिल्या होत्या. चेहरा आकाशाकडे, डोळे बारीक, ओठ दाताखाली. ती बाई मी गेल्या वर्षभरात पाहिली नव्हती.

आणि मग पिशवी वर चढली. ती पदराखालून गळ्याशी आलेली मला दिसली, पण माझे दोन्ही हात फिरकीत अडकले होते. ती ताईच्या खांद्यावरून घरंगळली, फरशीवर पडली आणि माझी शिलाई उसवली. मोहरी गच्चीभर झाली. बारीक काळे दाणे टपटपत उताराला लागले आणि पन्हाळीकडे निघाले.

हेतल पुढे झाली, थांबली. हंसाबेन कठड्याशी होत्या, त्यांनी पिशवी पाहिली, मग ताईकडे पाहिलं. ताईचा पदर एका बाजूला सपाट पडला होता आणि तिला तो सावरायचा असता तर हात खाली घ्यावा लागला असता. हात खाली आला असता तर पतंग गेला असता. मला तिच्या गळ्यातली शीर उडताना दिसत होती.

ताईनं हात खाली घेतला नाही.

“हंसाबेन,” ती वर बघतच म्हणाली, “ए ऑपरेशन खभानुं नहोतुं. कॅन्सर हतुं. एक बाजूनुं काढी नाख्युं छे.”

खांद्याचं नव्हतं, कॅन्सर होता, एका बाजूचं काढून टाकलंय, हे सगळं तिनं नेहमीच्याच आवाजात सांगितलं.

हंसाबेननी नवऱ्याच्या हातात त्यांची फिरकी दिली आणि कठड्यावर कोपरं टेकली. “खभाना ऑपरेशनमां कंई वाळ जाय, बेन?” खांद्याच्या ऑपरेशनात केस जातात का कुठे. “मने तो खबर ज छे. तमे कहो एनी राह जोती हती.”

मला माहीतच होतं, तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते, असं त्या म्हणाल्या. वर्षभर रोज खांद्याची चौकशी करून.

ताईच्या गालावरून पाणी ओघळलं, पण डोळे तिनं पुसले नाहीत. वरती काळा पतंग लाल पतंगाला घासत होता.

हंसाबेननी खाली पसरलेल्या दाण्यांकडे बघितलं. मीठमोहरीनं दृष्ट काढतात ती आपल्याकडेही आणि त्यांच्याकडेही. “राई वेराई ते सारुं थयुं,” त्या म्हणाल्या, मोहरी सांडली ते बरंच झालं. “नजर ऊतरी गई. हवे ढील आपो, वासंतीबेन, नहीं तो पेलो कापी जशे.”

ताईनं हात आणखी वर नेला आणि ढील दिली, आणि माझ्या हातातली फिरकी इतकी जोरात फिरायला लागली की ती मला धरवेना.